ख्यातीसह घर विकणे आहे

माणूस घर बांधायला काढतो तेव्हा शहाणे लोक सल्ला द्यायला येतात, आणि घर विकायला काढतो तेव्हा तेच लोक "आम्ही तेव्हाच सांगितलं होतं" असं म्हणायला येतात. यांतलं पहिलं काम माझ्या पणजोबांनी 1934 साली उरकून ठेवलं होतं. दुसरं माझ्या वाट्याला आलं.

घर रत्नागिरी जिल्ह्यातलं, जांभ्या दगडाचं. आमच्याकडे त्याला चिऱ्याचं घर म्हणतात. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागची पडवी, विहीर, आणि विहिरीजवळ एक जास्वंद. ही जास्वंद कुणी लावली हे कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाने ती आपण लावल्याचं कधी ना कधी सांगितलेलं आहे.

या जांभ्याला इंग्रजी नाव मिळालं ते एका स्कॉटिश डॉक्टरामुळे. त्याचं नाव फ्रान्सिस बुकॅनन. कंपनी सरकारने त्याला 1800 साली म्हैसूर, कानडा, मलबार या मुलखांची पाहणी करायला धाडलं. त्याचा प्रवासवृत्तांत 1807 साली छापून आला. मलबारातले लोक हा दगड विटेसारखा कापून घरं बांधतात हे पाहून त्याने लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटेराइट' असं नाव सुचवलं. या दगडाची गंमत अशी, की जमिनीत असतो तोवर तो मऊ असतो, सहज कापता येतो, आणि बाहेरची हवा लागली की घट्ट होत जातो. आमच्या बँकेत प्रोबेशनवर आलेला माणूस असाच असतो. कायम झाल्याची ऑर्डर हातात पडली, की मग त्याच्यावर पहारसुद्धा चालत नाही.

पणजोबा गिरगावात एका पेढीवर कारकून होते. (कारकुनी आमच्या घराण्यात वंशपरंपरागत आहे, इनामं मात्र इतरांच्या.) टपालखात्याने 1880 साली मनीऑर्डर काढली आणि कोकणचं अर्थशास्त्र एका फॉर्मवर मावू लागलं. पणजोबांनी दरमहा पाठवलेल्या रुपयांतून हे घर एकेक चिरा करत वर आलं. वर मंगळुरी कौलं. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून ही चपटी कौलं किनाऱ्याने वर वर सरकत आली आणि आमच्या गावच्या नळीच्या कौलांची सद्दी संपली. पणजोबा स्वतः या घरात किती राहिले? मी हिशेब केला. मे महिन्याची आणि गणपतीची रजा धरून सगळे मिळून अडीच वर्षं. बाकीचं आयुष्य गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत, घर कसं आहे हे पत्रांतून वाचण्यात गेलं.

पुढे आजोबा मुंबईत, वडील मुंबईत, मी डोंबिवलीत. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी "आता काय, दर महिन्याला गावी!" असं म्हटलं. प्रत्यक्षात रेल्वे झाल्यावर एवढाच फरक पडला, की पूर्वी एस्टीत चौदा तास बसावं लागतं म्हणून जात नव्हतो, आता आरक्षण मिळत नाही म्हणून जात नाही.

सहा वर्षांपूर्वी मला दुरुस्तीची बुद्धी झाली. "निवृत्तीनंतर आपण तिकडेच राहू," असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली, "आपण म्हणजे कोण कोण?" पण बहुमताची वाट पाहिली तर घरं दुरुस्त होत नाहीत. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे उचलले. वासे बदलले, भिंतींचा गिलावा काढून चिरे उघडे केले, शेणाच्या जमिनीवर लादी बसवली, आणि मागच्या पडवीत कमोड आणला. एकूण खर्च सहा लाख चाळीस हजार. सगळं झाल्यावर आम्ही तिथे किती राहिलो? पहिल्या वर्षी अकरा दिवस, दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी कमोड चालतो की नाही हे पाहण्यापुरते. मी भागाकार केला. एका दिवसाचं भाडं पंचतारांकित हॉटेलपेक्षा जास्त पडत होतं, आणि चहा आपला आपण करायचा होता.

शेवटी ठरलं, विकायचं. कागदोपत्री मालक तिघे. मी, आत्या, आणि मेलबर्नला स्थायिक झालेला चुलतभाऊ. भाऊ म्हणाला, "तू करशील ते मान्य." आत्या म्हणाली, "विक. पण गावातल्या माणसालाच द्यायचं."

आत्याचं वय शहात्तर. जन्म त्याच घरातला. तिचं "पण" आलं, की पुढचं वाक्य कायदा असतो.

गावातून एकच बोली आली. शेजारच्या आबांची, नऊ लाख.

"आबा, सहा लाख चाळीस हजार नुसती दुरुस्ती आहे," मी म्हणालो.

"तेच वजा केलंय," आबा म्हणाले. "ह्या लाद्या काढायला लागतील, तो कमोड काढायला लागेल. तुम्ही दुरुस्ती केली नसती तर दहा दिले असते."

मी अकौंटन्सीत बी.कॉम. झालेला माणूस, पण ज्या खर्चाने मालमत्तेची किंमत कमी होते त्याची नोंद कुठल्या बाजूला करतात हे मला कुणी शिकवलेलं नाही.

आबांची आणि आमची देवाणघेवाण जुनी. 1934 साली चिरेखाणीपासून या घराचे चिरे डोक्यावरून वाहिले ते आबांच्या आजोबांनी. घराभोवतीची भातखाचरं तेव्हा आमची आणि कसणारे ते. पुढे कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला, आणि खाचरं त्यांच्या नावावर गेली. घर तेवढं आमच्याकडे राहिलं. आमच्या घरात या 1 एप्रिलचा उल्लेख अनेक वर्षं इंग्रजी अर्थाने होत असे. आबांच्या घरात त्या दिवशी गोड करत.

मग दुसरी बोली आली. पुण्याचं एक निवृत्त जोडपं, नवरा-बायको दोघंही शिक्षक. ओटीवर पाच मिनिटं गप्प बसले. घर पाहायला आलेला माणूस गप्प बसला, की समजावं हा पैसे देणार. जो फार बोलतो, तो फक्त चहा पिऊन जातो. त्यांनी चोवीस लाख सांगितले.

नऊ आणि चोवीस! घर तेच, चिरे तेच, कमोड तोच. मग हे वरचे पंधरा लाख कशाचे?

बी.कॉम.ला आम्हांला एक प्रकरण होतं, 'ख्याती'. धंदा विकताना टेबलं, खुर्च्या, माल, येणी यांची किंमत धरून वर जे मागता येतं ते. ख्याती दिसत नाही, हाताला लागत नाही, तिला घुशी लागत नाहीत. आमच्या सरांनी यातला एक नियम आमच्याकडून घोकून घेतला होता: स्वतः कमावलेली ख्याती पुस्तकात दाखवायची नाही. कुणी रोख पैसे मोजून विकत घेतली, तरच ती त्याच्या पुस्तकात दाखवायची. म्हणजे तुम्ही शंभर वर्षं अब्रूने जगलात तर वहीत शून्य, आणि ज्याने ती अब्रू विकत घेतली त्याच्या वहीत पंधरा लाख. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ओटीवर बसून पहिल्यांदा कळलं.

पण आत्याचं "गावातल्या माणसालाच" आड आलं होतं. याच सुमाराला मेलबर्नच्या भावाने सह्यांच्या कागदांबरोबर एक जुना फोटो पाठवला. आत्या त्याच्याकडे सहा महिने राहून आली होती, तेव्हाचा. फिट्झरॉय गार्डन्स नावाच्या बागेत, लाल कौलांच्या एका घरासमोर आत्या उभी आहे, नऊवारीवर स्वेटर, चेहऱ्यावर "यात काय पाहायचं?" असा भाव. ते घर कॅप्टन कुकच्या आईवडिलांचं. त्या घराच्या विक्रीची हकीकत मी वाचून काढली आणि मला वाटलं, आपल्याला वकीलच सापडला.

कॅप्टन जेम्स कुक आपल्याला शाळेत ऑस्ट्रेलियाच्या धड्यात एका ओळीत भेटतो आणि पुढच्या ओळीत मेंढ्या येतात. त्याचा बाप साधा शेतमजूर, पुढे एका शेतावरचा देखरेख्या. त्याने उतारवयात, 1755 साली, यॉर्कशायरमधल्या ग्रेट एटन या खेड्यात दगडविटांचं घर बांधलं आणि दारावर स्वतःच्या नि बायकोच्या नावाची आद्याक्षरं आणि साल कोरलं. त्याच 1755 साली मुलगा आरमारात भरती झाला. बापाने घर बांधावं आणि त्याच वर्षी मुलाने समुद्र धरावा, हा इंग्लंडात इतिहास आहे. कोकणात याला कुणी बातमीसुद्धा म्हणणार नाही.

आई 1765 साली वारली. मुलगा पृथ्वीला वळसा घालून 1771 साली परतला आणि त्या वर्षाच्या अखेरीस बायकोला घेऊन वडिलांना भेटायला गावी गेला. पुढे म्हातारा घर सोडून मुलीकडे राहायला गेला. 14 फेब्रुवारी 1779 ला हवाई बेटावर मुलगा मारला गेला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत बापही गेला. मुलाच्या मृत्यूची बातमी इंग्लंडात पोचली ती 1780 च्या जानेवारीत. म्हणजे मुलगा कुठल्यातरी समुद्रावर आहे आणि पत्र यायचंय, एवढ्या समजुतीवर म्हाताऱ्याने डोळे मिटले. कोकणातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी असेच मिटलेले आहेत.

बरं, कुक या घरात राहिला होता का? इतिहासकारांत यावर एकमत नाही. आईबापांना भेटायला येऊन गेला असणार, एवढंच म्हणता येतं. आमच्या पणजोबांची अडीच वर्षं त्या मानाने दणदणीत म्हणायची.

1933 साली तेव्हाच्या मालकीणबाईंनी हे घर विकायला काढलं. त्यांची अट एकच होती: घर इंग्लंडातच राहिलं पाहिजे. त्या भागातली सर्वांत मोठी बोली आली 300 पौंडांची. मग मेलबर्नचे रसेल ग्रिमवेड नावाचे धनिक उद्योगपती पुढे आले. त्यांनी 800 पौंड सांगितले. पण अट? त्यांच्या बाजूच्या लोकांनी बाईंचं मन वळवलं आणि अटीतला एकच शब्द बदलून घेतला. 'इंग्लंड'च्या जागी 'साम्राज्य'. एका शब्दात घराचं अंगण दहा हजार मैल लांब झालं!

मी कॅलक्युलेटर काढला. 300 ला 800 म्हणजे तीनास आठ. नऊला चोवीस म्हणजे तीनास आठ. मला आजवर लॉटरीचा एक आकडा लागलेला नाही, पण हे जुळलं.

पुढची हकीकत तर गोदामातल्या हमालालाही घाम फोडील. ते घर उतरवून एकेक दगड, एकेक वीट सुटी केली. 253 खोकी आणि 40 पिंपं भरली. हल बंदरातून 'पोर्ट डुनेडिन' नावाच्या जहाजावर चढवली. एवढंच नव्हे, घरावर चढलेल्या आयव्हीच्या वेलाच्या फांद्याही बरोबर नेल्या. व्हिक्टोरिया प्रांताच्या आणि मेलबर्न शहराच्या शताब्दीनिमित्त, 1934 च्या ऑक्टोबरात, बागेत उभं करून ते घर ग्रिमवेडसाहेबांनी जनतेला भेट दिलं. नोंद घ्या, की मेलबर्न वसलं 1835 साली, कुक वारून 56 वर्षं झाल्यावर. 1770 साली त्या प्रांताचा पूर्वेकडचा किनारा त्याच्या जहाजावरून दिसला होता, तेवढंच नातं. ज्या घरात तो बहुधा राहिला नाही, ते घर ज्या शहरात तो कधी गेला नाही तिथे, जे शहर त्याच्या हयातीत नव्हतंच! 300 पौंड दगडविटांचे आणि 500 पौंड निव्वळ ख्यातीचे. ग्रेट एटनला घराच्या मूळ जागी मग एक स्तंभ उभारला, तो ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरून आणलेल्या दगडाचा. घर तिकडे, दगड इकडे. बँकेत आम्ही याला कॉन्ट्रा एंट्री म्हणतो.

मात्र वहीला दुसरी बाजू असते. कुकचं जहाज दिसलं तेव्हा त्या किनाऱ्यावर माणसं होती, आणि त्यांच्या पूर्वजांची घरं खोक्यांत भरून कुणी कुठे जपून ठेवली नाहीत. त्यांच्या वंशजांना कुकचं नाव म्हणजे जमीन गेल्याचं साल वाटतं, आणि अलीकडच्या वर्षांत निषेध म्हणून या घराच्या भिंतींवर रंग मारले गेले आहेत. एकाच्या खात्यात जी ख्याती जमा, ती दुसऱ्याच्या खात्यात नावे. द्विनोंदी पद्धत बँकेपुरतीच असते असं नाही. मला आबांच्या आजोबांचे चिरे आठवले. आमच्या घरावर कुणाचीच आद्याक्षरं नाहीत. पण कोरायचीच झाली तर कुणाकुणाची कोरावी लागतील, हा विचार मी तेव्हा तिथेच थांबवला. कारण मला आत्याला पटवायचं होतं.

आत्यापुढे मी सगळी केस मांडली. आकडे दिले, खोकी मोजून दाखवली, आणि शेवटी म्हणालो, "त्या बाईंनी 'इंग्लंड'चं 'साम्राज्य' केलं. तू फक्त 'गावातल्या'चं 'महाराष्ट्रातल्या' कर. पुणं महाराष्ट्रात येतं."

आत्या तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ते घर मी पाहिलंय. तिकीट काढून. चूल आहे, जाळ नाही. खाट आहे, झोपायचं नाही. मी जरा टेकायला गेले तर तिथली मुलगी धावत आली. सबंध घर नेलं रे, पण त्यात संध्याकाळी दिवा लावणारं कुणी नाही."

मग निवडायची थांबली. "आबा काय करणार आहे आपल्या घराचं?"

हे मी विचारलंच नव्हतं. फोन लावला. आबा म्हणाले, "आंब्याच्या पेट्या ठेवीन. ऐसपैस आहे."

"आणि दिवा?" आत्याने फोन माझ्या हातून घेऊन विचारलं.

"दिवा कशाला? आंबा अंधारातच पिकतो," आबा म्हणाले. खोटं बोलायची त्यांच्या घराण्यात पद्धत नाही, हाच त्यांच्या व्यवहारातला मोठा दोष.

"आणि ती पुण्याची माणसं?"

"कायमची राहायला येताहेत," मी म्हणालो.

"मग 'गावातल्या'च्या जागी 'दिवा लावणाऱ्या' असं लिही," आत्या म्हणाली. "मी 'गावातल्या' म्हटलं तेव्हा मला तेच म्हणायचं होतं. शब्द चुकला."

म्हणजे शब्द बदलला तो तिनेच, आणि माझ्या वकिलीचा त्यात काडीचा भाग नव्हता. खरं सांगायचं तर दिवा नसता तरी मला चोवीस लाख चोवीसच वाटले असते. आत्याच्या बोलण्याने मला फक्त ते घ्यायला तोंड मिळालं.

खरेदीखत झालं. आपल्या खरेदीखतांत एक जुनी ओळ अजून येते, पेशवाईतल्या इनामाच्या सनदांतही ती असे: जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, ठेवलेलं धन. सात वस्तू मोजून दिल्या. ख्याती आठवी, तिचा उल्लेख नव्हता. चतुःसीमेत मात्र पूर्वेला आबांचं नाव होतं.

निबंधकांच्या कार्यालयात, हे विकणारे तेच आहेत असं सांगायला ओळखणारी माणसं लागतात. गावात आता आम्हांला ओळखणारं कोण? आबांनाच विचारावं लागलं. नऊ लाखांची बोली हरलेला माणूस चोवीस लाखांच्या व्यवहाराला स्वच्छ सदरा घालून आला. मी नजर चुकवत होतो. आबा शांतपणे तंबाखू मळत होते.

कारकुनाने विचारलं, "यांना ओळखता?"

"यांना?" आबा म्हणाले. "यांच्या पणज्यापासून. ते घर माझ्या आज्याच्या डोक्यावरनं आलेलं आहे."

कारकुनाने 'होय' एवढंच लिहून घेतलं. मीही कारकून आहे. इतर काही लिहायला रकाना नसतो, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या सगळ्या घराण्याने नव्वद वर्षांत स्वतः कमावलेली ख्याती तेवढ्या दोन वाक्यांत मावत होती, आणि नियमाप्रमाणे ती कुठल्याच वहीत चढली नाही.

किल्ल्या देण्याआधी आत्याने विळीवर जास्वंदीची एक फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि दुधाच्या पिशवीत घातली. डोंबिवलीपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. आता आमच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला, कुंडीत आहे. तीन पानं फुटली आहेत. कुणी विचारलं तर ही सांगते, मीच लावली. मुलगा सांगतो, मी लावली.

पुण्याच्या बाईंचा परवा फोन आला. घर उत्तम आहे, रोज संध्याकाळी ओटीवर दिवा असतो, आबा येऊन बसतात. एकच अडचण आहे म्हणाल्या. मागच्या पडवीतला कमोड नीट चालत नाही.